लिंबाच्या झाडातला जिवाणू आणि त्याची ढाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ग्रीनिंगच्या जिवाणूचं संरक्षण मोडणारं औषध येतंय’ अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की पुढचा आठवडाभर माझ्याकडे प्रश्न येत राहतात. निम्मे कोथरूड-औंधच्या गॅलरीतल्या कुंडीवाल्यांचे, निम्मे शिरूर, दौंड, श्रीगोंद्याकडच्या कागदी लिंबूवाल्यांचे. मी जीवरसायनशास्त्राचा माणूस. शेतीतलं जे काही कळतं ते बागायतदारांच्या बांधावर उभं राहून शिकलेलं आहे. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतो.

१. ग्रीनिंग म्हणजे नक्की कोणता रोग? खैऱ्या, डिंक्या आणि हा एकच का?

नाही, तिघांचे कर्तेच वेगळे. डिंक्या फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. खैऱ्या, म्हणजे कँकर, झॅन्थोमोनास जिवाणूमुळे. पान, फांदी आणि फळावर खरबरीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळं वलय दिसलं की तो खैऱ्या. चौथा रोग ट्रिस्टेझा, तो विषाणूमुळे होतो आणि मावा तो पसरवतो. ग्रीनिंगचा जिवाणू म्हणजे कँडिडेटस लिबेरिबॅक्टर एशियाटिकस. तो झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो, म्हणजे पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून मुळांकडे जाते तिथे. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याला नेतो सायला नावाचा किडा, नाहीतर आपण स्वतः, रोगट झाडाचा डोळा, म्हणजे कलमासाठीची कळी, बांधून.

चिनी भाषेत या रोगाला हुआंगलोंगबिंग म्हणतात, पिवळ्या शेंड्यांचा रोग अशा अर्थाने. पुढे उत्तरांत ‘ग्रीनिंग’ एवढंच लिहितो.

२. आपल्याकडे कागदी लिंबू आणि मोसंबी. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या रोगाचं आम्हाला काय?

हा प्रश्न पुण्यातून आला की मला गंमत वाटते. भारतात हा रोग सायलामुळे पसरतो, हे ज्यांनी दाखवलं ते कपूर, राव आणि विश्वनाथ याच शहरात काम करत होते, भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुणे केंद्रात. त्यांचा निबंध १९६७ सालचा. फ्लोरिडात रोग सापडला २००५ मध्ये. म्हणजे हे दुखणं तिकडून इकडे आलेलं नाही, आपल्याकडे ते कितीतरी आधीपासून आहे.

फ्लोरिडाचं नाव पुढे येतं ते तिथल्या पडझडीमुळे. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये निघाल्या सुमारे १ कोटी ६० लाख. त्या वर्षी वादळानेही झोडपलं होतं, पण बागा आधीच खिळखिळ्या झाल्या होत्या त्या ग्रीनिंगमुळे. तिथला पैसा संशोधनाकडे वळला, म्हणून बातम्याही तिथून येतात. मोसंबी आणि संत्रा या रोगाला चांगलेच बळी पडतात. कागदी लिंबू थोडं जास्त सोसतं, पण सुटत नाही.

३. माझ्या झाडाची पानं पिवळी पडलीत. ग्रीनिंगच ना?

बहुतेक वेळा नाही. पेन घ्या. पानाची मधली शीर समोर धरा आणि एका बाजूच्या पिवळ्या डागाभोवती गोल काढा. आता शिरेच्या दुसऱ्या बाजूला बरोबर त्याच जागी गोल काढा. दोन्ही गोलांत सारखंच पिवळं असेल, तर जस्त किंवा मँगेनीज कमी पडत असण्याची शक्यता जास्त. ग्रीनिंगचे चट्टे शिरेला जुमानत नाहीत. डावीकडे पिवळं, उजवीकडे हिरवं, मध्येच उडी मारून पुन्हा पिवळं. फळ वाकडं भरतं, देठाकडून रंगतं आणि खालचं टोक हिरवंच राहतं. कापलं तर बिया काळपट, वाळलेल्या.

दुसरी घरगुती चाचणी आयोडीनची. ग्रीनिंगमध्ये रसवाहिन्या तुंबतात आणि पानात पिठूळ स्टार्च साठतो. पॉलिश पेपरच्या तुकड्यावर पान दहा-बारा वेळा घासा, तो तुकडा छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत चमचाभर पाण्यात हलवा आणि औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचे दोन थेंब टाका. पाणी काळपट-जांभळं झालं तर संशय वाढला. फक्त वाढला. सुतळी किंवा तार काचून फांदीची साल दबली असेल, तरी असाच स्टार्च साठतो. खात्रीची एकच गोष्ट, पीसीआर, म्हणजे पानात जिवाणूचा डीएनए शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी. त्यासाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला विचारा, किंवा आपल्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत जा.

माझ्याच गॅलरीतलं लिंबू मी दोन महिने ‘ग्रीनिंग, ग्रीनिंग’ म्हणून बघत होतो. शेवटी कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं निघालं.

४. जिवाणूचं अँटिऑक्सिडंट एन्झाइम म्हणजे काय? अँटिऑक्सिडंट तर चांगले असतात ना?

ज्याचे त्याच्यासाठी चांगले. जिवाणू आत शिरला की झाड त्याच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सुपरऑक्साइड सोडतं. ही ऑक्सिजनची तापट रूपं. प्रथिनं, चरबीचे पडदे, डीएनए, जे हाती लागेल ते जाळत सुटतात. जिवाणूला जगायचं तर ही आग विझवायला हवी, आणि त्यासाठी त्याच्याकडे खास एन्झाइम असतात, म्हणजे विकरं. हेच त्याचे अँटिऑक्सिडंट एन्झाइम, हीच त्याची ढाल. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं. कॅटलेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन पेरॉक्साइडचं पाणी करतात.

कॅटलेज काम करताना बघायचं असेल तर कच्च्या बटाट्याच्या चकतीवर औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. क्षणात फेस येतो. तो फेस म्हणजे सुटलेला ऑक्सिजन. बटाटा शिजवून थंड करून टाकलात तर चकती गप्प बसते, कारण उष्णतेने एन्झाइम मेलेलं असतं. जिवाणूच्या एन्झाइमचं असंच करायचं, पण झाड न शिजवता. या सगळ्या संशोधनाचा खटाटोप तेवढ्यासाठी आहे.

५. ग्रीनिंगच्या जिवाणूत यांपैकी कोणतं एन्झाइम निशाण्यावर आहे?

मुख्यतः पेरॉक्सिरेडॉक्सिन. या जिवाणूचा जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला. तो आहे जेमतेम सव्वाबारा लाख अक्षरांचा. आपल्या पोटातल्या ई. कोलायचा सुमारे ४६ लाखांचा असतो. म्हणजे हा बिऱ्हाड अगदी आवरून झाडाच्या जिवावर राहणारा प्राणी. त्यामुळे जी थोडी हत्यारं त्याने जपून ठेवली आहेत, ती त्याला खरोखर लागत असणार, असा अंदाज बांधता येतो.

आयआयटी रुरकीच्या गटाने यातलं एक पेरॉक्सिरेडॉक्सिन वेगळं काढून तपासलं आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये त्याहून मजेदार गोष्ट मांडली. जिवाणूचं एक पेरॉक्सिरेडॉक्सिन त्याच्या पेशीत न थांबता बाहेर सोडलं जातं आणि झाडाचा प्रतिकारच मंद करतं, जवळचा आणि लांबचा, दोन्ही. पेरॉक्साइड हा झाडाचा नुसता मारा नसतो, तो धोक्याचा भोंगाही असतो. मारा परतवला तर एक जिवाणू वाचतो. भोंगाच बंद केला तर सगळं गाव झोपून राहतं. हे वाचल्यावर या एन्झाइमकडे बघायची माझी नजर बदलली.

पेरॉक्साइड विझवणारं आणखी एक एन्झाइम, एक पेरॉक्सिडेज, जिवाणूच्या स्वतःच्या जनुकांतलं नाहीच. जिवाणूत ठाण मांडून बसलेल्या एका विषाणूच्या डीएनएवर ते लिहिलेलं आहे.

६. औषध या एन्झाइमला अडवतं कसं?

पेरॉक्सिरेडॉक्सिनच्या मधोमध सिस्टीन हे अमिनो आम्ल असतं आणि त्यावर गंधकाचा एक अणू. पेरॉक्साइड येतं, त्या गंधकाला ऑक्सिजन देतं आणि पाणी होऊन जातं. मग दुसरा रेणू येऊन गंधकाला पूर्ववत करतो आणि चक्र पुन्हा सुरू. औषधाचा रेणू त्या खोबणीत घट्ट बसला, किंवा गंधकालाच चिकटला, की चक्र थांबतं. कुलपात आधीच कुणी काडी मोडून ठेवल्यासारखं.

संगणकावर हजारो रेणू त्या खोबणीत बसवून पाहता येतात. तिथे ‘उत्तम बसणारे’ पुष्कळ सापडतात. बातमी बहुधा याच पायरीवर छापून येते. खरं गाळण त्यानंतरचं असतं. परीक्षानळीत चालेल का, जिवंत जिवाणूत शिरेल का, झाडात पोचेल का.

७. हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढत नाही म्हणतात. मग औषध तपासतात कशावर?

खरं आहे. त्याच्या नावातलं ‘कँडिडेटस’ त्याचीच खूण, शुद्ध स्वरूपात त्याला वाढवणं अजून जमलेलं नाही. म्हणून त्याचा चुलतभाऊ वापरतात, लिबेरिबॅक्टर क्रेसेन्स. तो पपईच्या जातकुळीतल्या एका झाडातून मिळाला आणि बशीत वाढतो. मूळ जिवाणूचं जनुक या भावात घालायचं आणि आता तो पेरॉक्साइड जास्त सोसतो का ते बघायचं. प्रश्न ५ मधल्या विषाणूवाल्या पेरॉक्सिडेजचा असा प्रयोग झाला आणि सोसण्याची ताकद खरोखर वाढली. तरी चुलतभाऊ म्हणजे सख्खा नव्हे. तो झाडाला रोग करत नाही. त्याच्यावर चाललेलं औषध मूळ आरोपीवर चालेलच असं गृहीत धरू नका.

८. मग सरळ हायड्रोजन पेरॉक्साइड फवारलं तर? ढाल तोडण्यापेक्षा मारा वाढवू.

गॅलरीवाल्यांचा लाडका प्रश्न. नको. पानाच्या पृष्ठभागावर पडलेलं पेरॉक्साइड रसवाहिनीपर्यंत पोचत नाही. वाटेत झाडाचंच कॅटलेज त्याचा फेस करून टाकतं, बटाट्यासारखा. मात्रा वाढवलीत तर कोवळी पानं करपतात. कमी ठेवलीत तर त्याहून वाईट. न मारणाऱ्या मात्रेने अनेक जिवाणू सावध होतात आणि आपली एन्झाइमं वाढवून पुढच्या माऱ्याला तयार राहतात. खैऱ्याच्या झॅन्थोमोनास कुळात हे पाहिलेलं आहे. तुम्ही त्याला तालीम देत असता.

९. ढाल मोडली की झाडात पेरॉक्साइड वाढणार. त्याने झाडालाच इजा नाही का होणार?

इतक्या दिवसांत आलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. राहू कृषी मंडळातल्या एका लिंबू बागायतदाराने विचारला होता, आणि मला त्याच दिवशी उत्तर देता आलं नव्हतं.

२०२२ मध्ये फ्लोरिडातल्या एका गटाने मांडलं की ग्रीनिंगमध्ये झाडाचं जे वाटोळं होतं त्यातलं बरंचसं झाडच करतं. जिवाणू रसवाहिन्यांत कायमचा मुक्कामाला असतो, हटत नाही. झाड मारा थांबवत नाही. महिनोन्‌महिने क्रियाशील ऑक्सिजन सुटत राहतो आणि रसवाहिन्यांच्या पेशीच मरतात. घरात शिरलेल्या उंदरासाठी घराला लावलेली ती आग. त्याच अभ्यासात जिबरेलिन हे झाडाच्या वाढीचं संप्रेरक आणि काही अँटिऑक्सिडंट फवारल्यावर लक्षणं कमी झाली. फळगळीसाठी ‘जीए’ फवारणाऱ्यांना जिबरेलिन नवं नाही.

म्हणजे एका टोकाला म्हणतात जिवाणूचे अँटिऑक्सिडंट मोडा, दुसऱ्या टोकाला म्हणतात झाडाला अँटिऑक्सिडंट द्या. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकतं. फरक कुणाच्या पेशीतली आग, हा आहे. माझं मत विचाराल तर औषध फक्त जिवाणूच्या एन्झाइमवर बसलं, त्याला लवकर मारलं, आणि झाडाला मारा चालू ठेवायचं कारणच उरलं नाही, तर फायदा. अर्धवट चाललं, जिवाणू जखमी पण जिवंत राहिला आणि भोंगा मात्र जोरात वाजत राहिला, तर झाडाचे हाल वाढतील. म्हणून बशीतल्या निकालावर मी टाळ्या वाजवत नाही, मोठ्या झाडावरचे दोन-तीन हंगाम बघायचे असतात.

१०. असं औषध फवारून चालेल की खोडात टोचावं लागेल?

ग्रीनिंगच्या जिवाणूला मारायला फवारणी जवळजवळ निरुपयोगी. पानाचा मेणचट थर ओलांडून रसवाहिनीत शिरणं आणि तिथून मुळांपर्यंत जाणं फार थोड्या रेणूंना जमतं. शिवाय जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. एक फांदी गच्च भरलेली, शेजारची कोरी. फ्लोरिडात २०२२ पासून ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक खोडाला छिद्र पाडून टोचायची परवानगी आहे. प्रत्येक झाड, प्रत्येक छिद्र, प्रत्येकाला मजुरी. ही बेरीज आपल्या दोन एकरांच्या बागेला बसत नाही. खैऱ्याचं गणित वेगळं आहे, प्रश्न १२ पाहा.

११. स्ट्रेप्टोसायक्लिन आहेच की. नवीन कशाला?

पुणेकरांना या नावाचा अभिमान असायला हरकत नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं हे उत्पादन, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ९ ला १ या प्रमाणात. खैऱ्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत ते पिढ्यान्‌पिढ्या मारलं गेलं. अडचण अशी की हीच प्रतिजैविकं माणसांनाही लागतात. शेतात उधळली तर प्रतिकार कमावलेले जिवाणू वाढतात आणि तो प्रतिकार पुढे सरकतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतल्या या मिश्रणावर बंदीचा मसुदा आदेश काढला होता. आज विकत घेण्याआधी तालुका कृषी कार्यालयात सध्याचा नियम विचारा, दुकानदाराला नाही.

जिवाणूची ढाल मोडणारं औषध माणसाच्या औषधांपेक्षा वेगळं असेल तर हा वाद टळतो. या वाटेचं मला पटणारं सगळ्यात ठोस कारण हेच.

१२. खैऱ्याच्या जिवाणूवर ही युक्ती चालेल का?

माझ्या मते आधी तिथेच चालेल. झॅन्थोमोनास रसवाहिनीत लपत नाही. तो पानातल्या पेशींच्या मधल्या फटींत राहतो, पाऊस-वाऱ्याने आणि पाने पोखरणाऱ्या अळीच्या नागमोडी जखमांतून आत जातो. फवारा निदान त्याच्या दारापर्यंत पोचतो. तो बशीत छान वाढतो, त्यामुळे प्रश्न ७ मधली कटकट नाही. आणि त्याचं एक कॅटलेज जनुक काढून टाकलं की तो पानात नीट तग धरत नाही, हे प्रयोगात दिसलेलं आहे.

ते औषध येईपर्यंत बोर्डो मिश्रण आहेच. एक टक्क्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचे. त्यात घासलेला लोखंडी विळा क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. विळा कोरा निघाला की फवारा. मोकळं तांबं जिवाणूच्या पेशीत तीच क्रियाशील ऑक्सिजनची आग लावतं, म्हणजे आपले आजोबा नकळत याच विषयावर काम करत होते. फवारणीआधी रोगट फांद्या छाटून जाळा, बांधावर टाकून ठेवू नका.

१३. आपल्या शरीरातही पेरॉक्सिरेडॉक्सिन असतात ना? मग औषध आपल्याला बाधेल?

असतात. झाडातही असतात, मधमाशीतही असतात. म्हणूनच जिवाणूच्या एन्झाइमच्या खोबणीत जो कोपरा आपल्या एन्झाइममध्ये नाही, तिथे बसणारा रेणू शोधतात. हे न जमल्याने कितीतरी रेणू पहिल्याच वर्षी बाद होतात. झाडावर ग्रीनिंग असलं तरी फळ खाल्ल्याने माणसाला काही होत नाही. लिंबू कडवट आणि रसाला कमी लागेल, एवढंच.

१४. एका दुकानात ‘ग्रीनिंग एन्झाइम ब्लॉकर’ लिहिलेली बाटली मिळतेय. घेऊ का?

लेबलवर केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक आहे का, आणि पिकाच्या नावात लिंबूवर्गीय आहे का, एवढं बघा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार रोगावरचं औषध म्हणून विकायचं तर नोंदणी लागते. ‘जैविक संजीवक’ लिहून रोग बरा करण्याचा दावा तोंडी करणारे पुष्कळ. मी स्वतः एकदा अशी बाटली आणली होती, ६५० रुपयांना. आत गुळाच्या वासाचं तपकिरी पाणी निघालं. मुंग्या मात्र खूश झाल्या.

१५. सोसायटीतली कुंतीची कुंपणं आणि दारातला कढीपत्ता काढून टाकू का?

दोन्हींवर सायला राहतो आणि वाढतो. कुंतीत जिवाणूही थोड्या प्रमाणात सापडतो. कढीपत्ता त्याला थारा देत नाही, पण किड्याला पोसतो. शहरात उगाच कुऱ्हाड चालवू नका. बागेच्या बांधावर असतील तर मात्र गंभीरपणे विचार करा.

सायला ओळखायला सोपा. तीन-चार मिलिमीटरचा तपकिरी किडा, डोकं पानाला टेकून आणि मागची बाजू वर उचलून बसतो, जणू नमस्कार घालतोय. अंडी फक्त अगदी कोवळ्या फुटीवर घालतो. पिल्लांच्या अंगातून पांढऱ्या मेणाच्या बारीक दोऱ्या लोंबतात. बहर कोणताही असो, नवी फूट निघाली की भिंग घेऊन शेंडे बघायची सवय लावा.

१६. ग्रीनिंग पक्कं झालं. झाड काढावंच लागेल का?

बागेत असेल तर हो, आणि आधी सायलाचा बंदोबस्त करून मग. नाहीतर झाड हलवताच किडे उडून शेजारच्या झाडावर जातात. गॅलरीतल्या एकट्या कुंडीला खतपाणी देऊन काही वर्षं जगवता येतं, पण त्याचा डोळा किंवा गुटी कुणाला देऊ नका. नवी कलमं आणताना मातृवृक्षाची पीसीआर तपासणी झाली आहे का ते विचारा. माझ्या मेहुण्याने न विचारता दीडशे कलमं आणली होती. चौथ्या वर्षी त्यातली चाळीसएक उपटली आणि खड्डे तसेच उघडे आहेत.